बायपासची रक्तवाहिनी : छातीची, हाताची की पायाची

बायपास शस्त्रक्रियेत हृदयाच्या रोहिणीतला अडथळा काढून टाकत नाहीत. तो जागच्या जागी राहतो. त्याच्या पुढच्या भागाला शरीरातलीच दुसरी रक्तवाहिनी जोडतात आणि रक्ताला नवी वाट करून देतात. मुळशीच्या भातखाचरांत पाट तुंबला की शेतकरी बाजूने चर काढून पाणी पुढे घेतो, तसेच हे काम आहे. या नव्या वाटेसाठी वापरलेल्या रक्तवाहिनीला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. ती शरीरातून कुठून घेतली, यावर ऑपरेशनचा फायदा किती वर्षे टिकणार हे पुष्कळसे ठरते.

मुळशीतल्या पौड, माले, ताम्हिणीकडचा रुग्ण बायपाससाठी बहुधा पुण्यात येतो. सोबतच्या नातेवाइकांत बोलणे होते ते किती ब्लॉकेज निघाले आणि किती बायपास करावे लागले याचे. कोणती रक्तवाहिनी कुठे लावली, हे क्वचितच कुणी विचारते. वास्तविक चार बायपास तीनपेक्षा चांगले किंवा वाईट असे काही नसते. डिस्चार्ज कार्डावर ‘लिमा टू एलएडी’, ‘एसव्हीजी टू ओएम’ (पायाची शीर ‘ऑब्ट्यूज मार्जिनल’ रोहिणीला) अशा, म्हणजे कोणती रक्तवाहिनी हृदयाच्या कुठल्या रोहिणीला जोडली याच्या, नोंदी असतात आणि रुग्णाच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या असतात.

सर्वांत जास्त वापर पायाच्या नीलेचा झाला. सॅफेनस नावाची ही शीर घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाते. शरीरातली ही सर्वांत लांब नीला. ती काढली तरी पायातले रक्त खोलवरच्या शिरांतून परत जात राहते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये १९६७च्या मे महिन्यात डॉ. रेने फावालोरो यांनी ती हृदयासाठी वापरली आणि बायपासला जगभर चालना मिळाली. हे फावालोरो मूळचे अर्जेंटिनाचे. क्लीव्हलंडला जाण्याआधी बारा वर्षे ते एका लहान खेड्यात गावचे डॉक्टर होते. भारतात ही शस्त्रक्रिया १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात प्रथम केली.

पायाची शीर भरपूर लांब मिळते, लवकर काढता येते आणि शिवायला सोपी असते. तिच्यातल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. अडचण पुढे येते. आयुष्यभर अगदी कमी दाबाचे रक्त वाहून नेलेल्या या शिरेवर एकदम रोहिणीचा दाब पडतो. पहिल्या महिन्यात तिच्यात गुठळी होऊ शकते, पुढच्या काही महिन्यांत आतले अस्तर जाड होते आणि नंतरच्या वर्षांत तिच्यातही मूळ रोहिणीसारखीच चरबी साचू लागते. दहा ते वीस टक्के शिरा पहिल्याच वर्षात बंद पडतात, तर दहा वर्षांनी निम्म्याच्या आसपास चालू असतात. शल्यचिकित्सकाचा हात कितीही कसबी असला, तरी शिरेचा हा मूळ स्वभाव पूर्ण बदलत नाही.

छातीच्या आतल्या बाजूने, उरोस्थीच्या कडेने उतरणाऱ्या स्तन-रोहिणीचे वागणे निराळे. अशा दोन असतात; त्यांतली डावी म्हणजे ‘लिमा’. ही मुळातच रोहिणी असल्याने दाबाची तिला सवय असते. तिच्या भिंतीतला लवचीक थर अखंड असतो आणि तिचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून तिला सैल व स्वच्छ ठेवते. तिचे वरचे टोक कापावेही लागत नाही. खालचे टोक सोडवून हृदयावर आणायचे आणि ‘एलएडी’ला जोडायचे. एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी, सर्वांत मोलाची रोहिणी. लेनिनग्राडचे डॉ. वसिली कोलेसॉव्ह यांनी १९६४ मध्येच अशी जोडणी केली होती, पण पायाच्या शिरेच्या सोयीपुढे ती कित्येक वर्षे मागे पडली. १९८६ मध्ये क्लीव्हलंडच्याच डॉ. फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांना फक्त शिरा लावल्या होत्या, त्यांच्यात मृत्यूचा धोका स्तन-रोहिणी लावलेल्यांच्या १.६१ पट होता. तेव्हापासून एलएडीला लिमा हा जवळपास सर्वमान्य नियम झाला. दहा वर्षांनीही सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त लिमा चालू असतात. तातडीच्या ऑपरेशनसारखे सबळ कारण नसेल, तर एलएडीला पायाची शीर लावणे आज पटण्यासारखे नाही.

खरा वाद आहे दुसऱ्या ग्राफ्टचा. उजवी स्तन-रोहिणी, हाताची रेडियल रोहिणी की पुन्हा पायाची शीर?

दोन्ही स्तन-रोहिणी वापरल्या तर जास्त वर्षे मिळतील, हा तर्क सरळ वाटतो. तो तपासण्यासाठी भारतासह सात देशांत ३१०२ रुग्णांवर ‘आर्ट’ नावाची चाचणी झाली. २०१९ मध्ये दहा वर्षांचा निकाल आला तेव्हा दोन स्तन-रोहिणी ठरवलेल्या गटात २०.३ टक्के, तर एक ठरवलेल्या गटात २१.२ टक्के मृत्यू झाले होते, म्हणजे ठोस फरक दिसला नाही. पण या निकालाला एक बाजू आणखी आहे. दोन ठरवलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के रुग्णांना प्रत्यक्षात एकच लावली गेली आणि एक ठरवलेल्या गटातल्या बऱ्याच जणांना हाताची रोहिणीही मिळाली. त्यामुळे तुलना पातळ झाली. एक तोटा मात्र स्पष्ट आहे. दोन्ही काढल्याने उरोस्थीचा रक्तपुरवठा घटतो आणि छातीची जखम चिघळण्याचा धोका वाढतो. बेताबाहेरचा मधुमेह, स्थूलपणा, फुप्फुसाचा जुनाट आजार असेल तर तो धोका आणखी मोठा. रोहिणी भोवतालच्या मांसासकट न काढता अलगद एकटी सोडवली, तर हाडाचे रक्त बरेच राखता येते. पण त्याला वेळ आणि सराव लागतो.

हाताच्या रेडियल रोहिणीचा इतिहास जास्त उद्बोधक आहे. मनगटावर नाडी बघतात ती हीच. पॅरिसच्या डॉ. अलँ कार्पांतिए यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरली आणि पुष्कळ ग्राफ्ट बंद पडल्याने सोडूनही दिली. तिची भिंत स्नायूंनी भरलेली असते, धसमुसळेपणाने हाताळली की ती आवळते. काही वर्षांनी त्या पहिल्या रुग्णांपैकी काहींचे ग्राफ्ट उत्तम चालू असल्याचे आढळले आणि तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले. आता ती हलक्या हाताने काढतात आणि आवळू नये म्हणून औषधे देतात. सहा चाचण्यांतल्या १०३६ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये पायाच्या शिरेशी तिची तुलना झाली. पाच वर्षांच्या सुमारास रेडियल ८.१ टक्के रुग्णांत बंद होती, पायाची शीर १९.९ टक्के रुग्णांत. हृदयविकाराचे झटके आणि पुन्हा उपचारांची गरजही रेडियलच्या गटात कमी होती. म्हणूनच अमेरिकेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना एलएडीनंतरच्या महत्त्वाच्या रोहिणीसाठी शिरेपेक्षा रेडियलला पसंती देतात.

तिच्या अटी मात्र काटेकोर आहेत. मूळ रोहिणीतला अडथळा मोठा, किमान ७० टक्के आणि उजव्या बाजूला त्याहूनही जास्त असावा लागतो. अडथळा मध्यम असेल तर मूळ वाटेने रक्त येतच राहते आणि वापर न झालेली रेडियल आक्रसून जाते. पंजाला रक्त देणारी दुसरी रोहिणी पुरेशी आहे ना, हे आधी पाहावे लागते. मूत्रपिंड निकामी होत चालले असेल तर डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (रोहिणी-नीलेच्या जोडणीसाठी) हाताच्या रक्तवाहिन्या राखून ठेवाव्या लागतात. शिवाय हल्ली अँजिओग्राफी मनगटातूनच होते आणि नळी गेलेल्या रोहिणीचे अस्तर दुखावते, म्हणून ती ग्राफ्टसाठी टाळतात. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून केली तर डावा हात शिल्लक राहतो.

मुळशीसारख्या भागात कामाचाही विचार हवा. इथला शेतकरी आषाढात गुडघाभर चिखलात भातलावणी करतो. पायाची शीर काढल्यावर जखम भरायला काही आठवडे लागतात, सूज तर महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. त्यात मधुमेह असेल आणि पाय चिखलात गेला तर जखम चिघळायला वेळ लागत नाही. छातीचे हाड सांधायलाही साधारण तीन महिने जातात; तेव्हा वैशाखात ऑपरेशन झालेल्या माणसाने त्या वर्षीची लावणी घरच्यांवर सोपवणेच बरे. ज्यांच्या पायांवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा आहेत, त्यांची सॅफेनस बहुधा ग्राफ्टच्या कामाची नसते. रेडियल काढल्यावर अंगठ्याच्या बाजूला काही काळ बधिरपणा राहतो, पण पंजाची पकड सहसा कमी होत नाही. उजव्या हाताने विळा चालवणाऱ्याचा डावा हात निवडतात. आपण काय काम करतो आणि कोणत्या हाताने, ही माहिती रुग्णाने आपणहून सांगावी. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ती विचारली जाईलच असे नाही.

जठराजवळची रोहिणीही काही ठिकाणी वापरतात, पण तिचा उपयोग मर्यादित आहे. पायाची शीरही हद्दपार झालेली नाही. वय जास्त असेल, आयुर्मर्यादा इतर आजारांनी कमी झाली असेल किंवा तातडी असेल, तर तीच व्यवहार्य ठरते. दुर्बिणीने काढली तर जखमही लहान राहते.

ग्राफ्ट स्टेंटसारखा विकत आणायचा नसतो. चांगल्या ग्राफ्टची किंमत ही शल्यचिकित्सकाचा वेळ आणि सराव. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बायपास होत असेल, तरी दुसरा ग्राफ्ट कोणता आणि का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. नंतर अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करणे, बिडी-तंबाखू पुन्हा धरणे हे कुठल्याही ग्राफ्टला घातक. शिरेला तर सर्वांत जास्त.

दुसऱ्यांदा ऑपरेशन करण्याची वेळ येऊ शकते. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती. २००९ मध्ये पंतप्रधान असताना दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने ती पुन्हा केली. अशा वेळी छाती उघडताना हाडामागून गेलेली चालू लिमा दुखावण्याचा धोका असतो, शिवाय पाय आणि हातांत काय शिल्लक आहे हे मोजावे लागते. नुसती अँजिओग्राफी करायची तरी लिमापर्यंत पोचायला डावे मनगट किंवा जांघ सोयीची पडते. त्यासाठी पहिल्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड आणि ग्राफ्टची नोंद घरात जपून ठेवावी, आणि तिचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही असावा.