गळासाठी गांडूळ: आधी गोळा करा, विकायचं नंतर बघू

व्हिडिओत गांडूळ काढायची पद्धत पाहिलीत. इथे जरा हिशोबाने बोलू, कारण 'फुकटचा माल आहे, विकला की सगळा नफाच' असं वाटून बरेच जण यात उतरतात.

आधी जागा. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, म्हणून त्याला ओल लागते, पण पाणी तुंबलेलं चालत नाही. जुना शेणखताचा उकिरडा, गोठ्याची सांडपाण्याची वाट, केळीच्या बुंध्याजवळची माती, हातपंपाशेजारची ओली पट्टी, इथे शोधा. जमिनीवर मातीच्या बारीक गोळ्यांचे छोटे ढीग दिसले की समजायचं, खाली माल आहे. फावडं मारू नका, निम्मी तुटतात. दाताळं किंवा खुरपं घ्या. पाऊस पडून गेल्यावरची पहाट सगळ्यात चांगली.

त्याहून सोपं म्हणजे गोणपाट. सावलीत जमिनीवर अर्धवट कुजलेल्या शेणाचा थर पसरा, वर भिजवलेलं गोणपाट टाका आणि रोज पाणी शिंपडत राहा. चार-पाच दिवसांनी सकाळी उचललंत की गांडुळं वरच सापडतात, खणायची गरजच नाही. दुसऱ्याच्या बांधावर मात्र विचारल्याशिवाय हात घालू नका. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते गांडूळ म्हणजे खताचा कारखाना आहे. औषध फवारलेल्या शेतातलं तर घेऊच नका.

काही जण मेनची वायर जमिनीत खुपसून करंट देतात. गांडुळं वर येतात हे खरं. पण ओल्या जमिनीत, ओल्या पायांनी 230 व्होल्टशी खेळ म्हणजे जिवाशी गाठ आहे. दहा रुपयांच्या मालासाठी हा धंदा करायचा नाही, विषय संपला.

आता पैसे. समजा तासाभरात 150 गांडुळं मिळाली. 25 चा एक डबा धरला तर 6 डबे. डबा 30 रुपयांना गेला तर 180 रुपये. यातून डब्यांचे, पेट्रोलचे पैसे वजा करा आणि न खपलेला माल मेला तर तोही धरा. उरतं ती तुमची मजुरी, नफा नाही. आणि हे फक्त पावसाळ्यातलं गणित. उन्हाळ्यात माती सुकली की गांडुळं खोल जातात, तिथे वेटोळं करून पडून राहतात. गिऱ्हाईक मार्चमध्ये आलं तर त्याला काय देणार?

म्हणून गोळा करणं हे गिऱ्हाईक तपासायला वापरा. दोन-तीन महिने धरणाकडे जाणाऱ्या गळवाल्यांना माल द्या आणि कोण परत येतो ते वहीत लिहा. चिलापी, शिंगटी, वाम यांच्या मागे असणारा गांडूळ मागेल. कटल्याच्या मागे असणारा पिठाचे गोळे घेऊन येतो, त्याच्यावर वेळ घालवू नका. पाच-दहा जण नियमित येत असतील तरच वाफा घाला.

वाफ्यासाठी खतवाल्यांकडे मिळणारं आयसेनिया फेटिडा लवकर वाढतं, पण ते बारीक असतं आणि हाताळलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. गळाला लावायला मला युड्रिलस युजेनिए जास्त बरं वाटतं, लांब आणि जाड असतं. फक्त पावसाळी रात्री ते वाफ्यातून निघून जातं, तेव्हा झाकण पाहिजेच. ताजं शेण घालू नका, कुजताना तापतं आणि गांडुळं मरतात. मुंग्यांसाठी वाफ्याभोवती पाण्याची चारी काढा. कोंबड्यांचा बंदोबस्त तुम्हालाच करावा लागेल, त्यांना सुगावा लागायला वेळ लागत नाही.

डबा भरताना झाकणाला भोकं पाडा आणि आत ओलसर कोकोपीट घाला. मूठ दाबली तर पाण्याचा एखादाच थेंब निघावा, इतपतच ओल. मेलेलं गांडूळ दिसलं की लगेच काढा, ते सडलं की सगळा डबा जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत डबे ठेवलेत तर दुपारपर्यंत माल संपला म्हणून समजा.

एक शेवटचं. बऱ्याच तलावांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. काठावर टपरी टाकण्याआधी संस्थेच्या माणसांशी बोलून घ्या. जमलं तर त्यांच्याच माणसाला डब्यामागे दोन-तीन रुपये देऊन विक्रीला ठेवा. रोज पहाटे तिथे तोच असतो, तुम्ही नसता.