शेतवस्तीवरील सौर वीज आणि अर्थिंग

मंडळाच्या तारा न पोचलेल्या शेतवस्तीवर सौर पॅनेल, बॅटरी व इन्व्हर्टर यांच्या योगाने दिवा, पंखा व लहान पंप चालविता येतो. ही वीज घरची, म्हणून सौम्य, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो घातक होय. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज २३० व्होल्टचीच असते.

पंपाजवळ एक सळई ठोकली की अर्थिंग झाले, असेही मानले जाते. येथे थोडा हिशेब करावा. पंपाची सळई निराळी आहे आणि तेथून इन्व्हर्टरपर्यंत मातीच्या वाटेचा रोध २० ओहम आहे, असे धरावे. पंपाच्या लोखंडी अंगाला आतील फेज लागला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह मातीतून परतेल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. पंप चालू दिसतो आणि त्याचे अंग मात्र विजेने भारलेले राहते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली किंवा मुरूम कोरडा पडला, की रोध आणखी वाढतो. यास्तव सळई न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, ओल टिकेल अशा जागी पुरावी.

तथापि केवळ मातीवर भिस्त ठेवू नये. पंप, इन्व्हर्टरची पेटी व पॅनेलचा सांगाडा यांपासून हिरव्या-पिवळ्या तारा आणून त्या बोर्डातील एकाच अर्थपट्टीवर जोडाव्यात. सळईची तारही तेथेच यावी. इन्व्हर्टरचा न्यूट्रल या पट्टीशी एकाच ठिकाणी, आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूस जोडलेला असावा. हा जोड मुळीच नसेल, तर प्रवाहाला परतीची वाट राहत नाही, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्तब्ध राहतो आणि पहिला दोष कोणाच्या ध्यानातही येत नाही. मात्र काही स्वस्त इन्व्हर्टर अशा जोडाने जळतात. सबब सोबतची पुस्तिका पाहिल्यावाचून व परवानाधारक तारतंत्र्यावाचून यास हात घालू नये.

पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीवर विजेला अडविणारा पातळ थर असतो. तो भेदणारा दातेरी वॉशर नसेल, तर बोल्ट कितीही आवळला तरी जोड नावापुरताच राहतो. ही बाब बसविणारे सर्रास विसरतात.

बॅटरीच्या बाजूची वीज एकाच दिशेने वाहते. घरगुती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझते. बॅटरीची ठिणगी लांबत जाऊन आग लावू शकते. तेथे डीसीसाठीच बनविलेला एमसीबी बसवावा आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज घालावा. पॅनेल तर ऊन आहे तोवर बंद होतच नाही. दुरुस्ती करावयाची झाल्यास प्रथम भार बंद करावा, मग डीसी स्विच उघडावा, आणि त्यानंतरच जोडण्या सोडवाव्यात.