वॉक : साधा शब्द, भलतीच चाल

आज घेऊ 'वॉक'. शब्द पहिलीतला, पण माझी एक नोकरी याच्यापायी गेली. बंगळुरूला पहिलीच मुलाखत. समोरचे म्हणाले, "वॉक अस थ्रू युअर रेझ्युमे." मी चक्क उठून उभा राहिलो! चालायचं कुठे, कळेना. 'वॉक समवन थ्रू समथिंग' म्हणजे एखादी गोष्ट टप्प्याटप्प्यानं समजावून सांगणं. त्यांना माझं शिक्षण, अनुभव क्रमानं ऐकायचं होतं. ते मला तोंडपाठ होतं हो! पण एकदा गडबडलो तो गडबडलोच.

आता आपली नेहमीची चूक. 'आय केम बाय वॉक' म्हणू नका. बाय बस, बाय ट्रेन बरोबर. पायी आलात तर 'ऑन फुट', किंवा सरळ 'आय वॉक्ड'. फिरायला जाणं म्हणजे 'गो फॉर अ वॉक'. कुत्र्याला फिरवणं 'वॉक द डॉग', मध्ये 'विथ' नको. माणसालाही चालतं बरं का: 'आय विल वॉक यू टू द स्टेशन', स्टेशनपर्यंत सोबत येतो.

'वॉक आउट' मात्र जपून. त्यात बहुतेकदा राग असतो. संसदेतला सभात्याग तो हाच. 'ही वॉक्ड आउट ऑन हिज फॅमिली' म्हणजे घरच्यांना वाऱ्यावर सोडून गेला. तुम्ही फोन घ्यायला दोन मिनिटं मीटिंगबाहेर गेलात आणि साहेबांना लिहिलंत 'आय वॉक्ड आउट', तर साहेब काय समजतील? तिथे 'आय स्टेप्ड आउट' लिहा.