रस्ता कोणाचा?

अहिल्यानगर शहरातील सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला. शहरात काम नसलेल्या वाहनांना वरचा मार्ग मिळाला. पण माळीवाडा बसस्थानकाकडे पायी निघालेल्या माणसाला खालचाच रस्ता आहे.

रस्ता रुंद केला की तो सुरक्षित होतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मोकळी रुंदी मिळाली की वेग वाढतो. वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला, तर धडकेची ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते. चालणाऱ्याचे जगणे-मरणे तिथेच ठरते.

म्हणून आहे ती रुंदी आधी नीट वाटून घ्यावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर किमान १.८ मीटर जागा विनाअडथळा हवी. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून सायकलींचीही सोय केली गेली. आपल्याकडेही रस्ता ओलांडताना मध्ये थांबायला दुभाजकात जागा हवी, बसथांबा पदपथालगत हवा. हातगाड्यांनाही जागा आखून द्यावी; नाहीतर त्या पदपथावरच येणार.

वाहनांसाठी पूल झाला. आता खालच्या रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा असावा.