कर्करोगाची गोळी आणि मुंबईचा निकाल
पेशीला वाढण्याचा हुकूम रासायनिक निरोपांनी मिळतो. कर्करोगात हे निरोप थांबतच नाहीत. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब ही गोळी ते वाटेत अडवते. रोग समूळ जात नाही, पण आयुष्य लांबू शकते. बायर कंपनी महिन्याच्या १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये घेई. आमच्या नेसरीतल्या एखाद्या दुकानाचे सारे भांडवलच म्हणा! औषध रास्त दरात मिळत नाही म्हणून ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नाटकोला सक्तीचा परवाना दिला. भाव ८,८८० रुपयांवर नको, बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी. पेटंटची मुदत २०२० मध्ये संपली. म्हणून आम्ही सुचवतो, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे व दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा.