फुटबॉल व्यवस्थापकाची निवड आणि चाहत्यांचा कौल

इंग्लंडमधील एखाद्या फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक, म्हणजेच मॅनेजर, पदावरून दूर झाला की त्याच्या जागी कोणाला आणावे यावर चाहत्यांमध्ये वाद रंगू लागतात. नियुक्तीचा अधिकार मात्र संचालक मंडळाचा असतो. चाहत्यांना त्यात मत नसते. असे असूनही या वादांना काही वजन असते काय, या प्रश्नाचे बोलके उदाहरण लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबने घालून दिले आहे.

व्यवस्थापकाचे महत्त्व

क्रिकेटमध्ये सामना सुरू असताना निर्णय कर्णधार घेतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये ही जबाबदारी सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या व्यवस्थापकाची असते. अकरा खेळाडूंची निवड, डावपेच आणि बदली खेळाडू उतरविण्याची वेळ तोच ठरवतो. पूर्वी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. आता बहुतेक मोठ्या क्लबांमध्ये त्या कामात क्रीडा संचालकाचा वाटा मोठा असतो. पराभवाचे खापर मात्र आजही व्यवस्थापकाच्याच माथी फुटते.

२०२१ मधील शोध

टॉटनहॅमने १९ एप्रिल २०२१ रोजी जोझे मोरिन्यो यांना पदमुक्त केले. लीग चषकाचा अंतिम सामना त्या वेळी अवघ्या सहा दिवसांवर आला होता. संघाची सूत्रे २९ वर्षांच्या रायन मेसन यांच्याकडे हंगामी स्वरूपात सोपविण्यात आली. त्याच आठवड्यात युरोपियन सुपर लीगच्या योजनेत क्लब सहभागी झाल्यामुळे चाहते संतप्त झाले होते. ती योजना दोनच दिवसांत बारगळली, परंतु संचालकांविषयीचा अविश्वास कायम राहिला.

नव्या व्यवस्थापकाचा शोध दोन महिन्यांहून अधिक काळ चालला. अन्तोनियो कोन्ते आणि पाउलो फोन्सेका यांच्याशी झालेली बोलणी फिसकटली. त्यानंतर जूनमध्ये जेन्नारो गट्टुसो यांचे नाव पुढे येताच चाहत्यांनी उघड विरोध सुरू केला. हा विरोध त्यांच्या डावपेचांना नव्हता. महिला, वर्णद्वेष आणि समलिंगी विवाह या विषयांवरील त्यांच्या जुन्या वक्तव्यांना चाहत्यांचा आक्षेप होता. अखेर क्लबने ही बोलणी थांबविली.

चाहत्यांनी एक नाव रोखले. पण आपल्या पसंतीचे नाव त्यांना पदरात पाडून घेता आले नाही. ३० जून रोजी नुनो एस्पिरितो सान्तो यांची नियुक्ती झाली. त्यांनी पहिले तीनही लीग सामने जिंकले. तथापि खेळ निस्तेज होत गेला. ३० ऑक्टोबर रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध घरच्या मैदानावर ०-३ असा पराभव होत असताना, त्यांनी लुकास मौरा या खेळाडूला बाहेर बोलावताच प्रेक्षकांनी जाहीर निषेध केला. दोन दिवसांनी नुनो यांना पदावरून हटविण्यात आले आणि त्यांची जागा कोन्ते यांनी घेतली.

वादाचे मूळ

टॉटनहॅमच्या चाहत्यांना केवळ विजय पुरत नाही, याला इतिहासाचा आधार आहे. बिल निकल्सन यांच्या संघाने १९६०-६१ मध्ये लीग आणि एफए चषक ही दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात पटकावली. विसाव्या शतकात अशी कामगिरी करणारा तो पहिला संघ होता. त्या संघाचा देखणा, आक्रमक खेळ हेच पुढे क्लबचे ब्रीद बनले. म्हणूनच जॉर्ज ग्रॅहम यांनी १९९९ मध्ये लीग चषक मिळवून दिला, तरी चाहत्यांनी त्यांना कधी आपले मानले नाही. प्रतिस्पर्धी आर्सेनलशी असलेले त्यांचे जुने नाते आणि बचावात्मक शैली ही त्याची कारणे होती. २००१ मध्ये त्यांच्या जागी क्लबचे लाडके माजी खेळाडू ग्लेन हॉडल आले. तेही २००३ मध्ये पदच्युत झाले. चाहत्यांची माया मिळाली म्हणजे यश मिळतेच, असे नाही.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाविषयीचा नवा कायदा संमत झाला. क्लबचे बोधचिन्ह किंवा घरच्या सामन्यांतील पोशाखाचे रंग बदलताना चाहत्यांचे मत निर्णायक ठरावे, अशी तरतूद त्यात आहे. व्यवस्थापकाची निवड मात्र या कक्षेबाहेर आहे. स्पेनमधील बार्सिलोना क्लबमध्ये सभासद अध्यक्ष निवडतात. परंतु तेथेही प्रशिक्षकाची नेमणूक निवडून आलेले पदाधिकारीच करतात. २००८ मध्ये तेथील अध्यक्ष जुआन लापोर्ता यांच्याविरुद्ध ६० टक्क्यांहून अधिक मते पडली. दोन तृतीयांश मतांची अट पूर्ण न झाल्याने ते पदावर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत नेमलेल्या पेप ग्वार्दिओला यांनी पहिल्याच हंगामात तीन प्रमुख विजेतेपदे मिळवून दिली. बहुमताचा रोषही कधीकधी घाईचा ठरतो, तो असा.

न सुटलेला प्रश्न

मे २०२५ मध्ये अँजे पोस्तेकोग्लू यांच्या मार्गदर्शनाखाली टॉटनहॅमने युरोपा लीग जिंकली. सतरा वर्षांत क्लबला मिळालेला हा पहिलाच चषक होता. त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये मात्र ३८ पैकी २२ सामने गमावून संघ सतराव्या स्थानी घसरला. ६ जून रोजी पोस्तेकोग्लू यांना पदावरून दूर करण्यात आले आणि चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. चषक जिंकून देणाऱ्याला निरोप का, असे एका बाजूचे म्हणणे होते. बावीस पराभवांकडे डोळेझाक कशी करावी, असा दुसऱ्या बाजूचा सवाल होता.

संचालकांसमोर अशा वेळी गुणतक्ता आणि ताळेबंद असतो. चाहत्यांसमोर असतो तो आपला क्लब नेमका कशासाठी ओळखला जावा, हा प्रश्न. व्यवस्थापक येतात आणि जातात, मालकही बदलतात. गॅलरीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबे बसतात. त्यांना व्यवस्थापक निवडता येत नाही. परंतु त्यांचा विश्वास गमावलेल्या व्यवस्थापकाला पदावर टिकणे अवघड जाते, हे नुनो यांच्या चार महिन्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले आहे.