फुल्या, झरे आणि उखडलेले रूळ

ऑगस्ट १९०४मध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोन भटक्या शोधकांना नेवाडाच्या वाळवंटात, डेथ व्हॅलीच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत, सोनं असलेला हिरवट ठिपक्यांचा दगड सापडला. त्याच्या रंगावरून मुलखाचं नाव पडलं बुलफ्रॉग. पुढच्याच वर्षी तिथे रायोलाइट गाव वसलं. १९०७-०८च्या भरात तिथे साडेतीन ते पाच हजार माणसं असावीत, असे अंदाज आहेत. १९१०च्या जनगणनेत भरली ६७५. पोलादसम्राट चार्ल्स श्वाबने विकत घेतलेली माँटगोमेरी शोशोनी खाण १९११मध्ये बंद पडली आणि १९१६मध्ये गावाची वीजही तोडली गेली.

एवढी गोष्ट कुठल्याही पर्यटक-पुस्तिकेत मिळते. माणसं कुठून आली, पाणी कुठलं प्यायली, माल कुठल्या वाटेने गेला, हे कळायला नकाशेच उघडावे लागतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८४पासूनचे पावणेदोन लाखांहून अधिक जुने स्थलदर्शक नकाशे स्कॅन करून फुकट खुले केले आहेत. त्यांतला ‘फर्नेस क्रीक’ हा नकाशा १९०५-०६च्या पाहणीवर बेतलेला, म्हणजे ऐन तेजीतला. त्याचं प्रमाण १:२,५०,०००. आपल्या सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या पाव-इंची शीटप्रमाणेच एक अंश बाय एक अंशाचा ताव आणि इंचाला साधारण चार मैल. या प्रमाणात गाव म्हणजे जेमतेम चार काळे ठिपके. म्हणून माझं मत असं, की गावाचं नाव सगळ्यात शेवटी वाचावं. आधी पाण्याची निळी शाई बघावी.

कारण इथल्या वाटा सोन्याकडे जाण्याआधी पाण्याकडे जातात. एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंतचं अंतर खेचरांना झेपेल एवढंच असावं लागे. बॅडवॉटर हे नाव तर एका सर्वेक्षकाच्या खेचराने तिथलं पाणी तोंडाला लावलं नाही म्हणून नकाशावर आलं, असं सांगतात. त्याच तावाच्या हद्दीतलं ग्रीनवॉटर हे तांब्याच्या हव्यासातून उभं राहिलेलं गाव. नावात पाणी, पण प्यायचं पाणी गाड्यांतून आणावं लागे आणि पिंपाला १५ डॉलरपर्यंत भाव जाई. तरीही १९०७मध्ये तिथून ‘डेथ व्हॅली चकवाला’ नावाचं मासिक निघत होतं! फायद्याचं तांबं काही निघालं नाही. दोन-तीन वर्षांत गाव उठलं.

नकाशाच्या समासात बारीक अक्षरात पाहणीचं साल असतं. छपाईच्या सालापेक्षा तेच महत्त्वाचं. लास वेगास अँड टोनोपा रेल्वेची पहिली गाडी रायोलाइटला डिसेंबर १९०६मध्ये पोचली. पाहणी वर्षभर आधी झाली असेल, तर कोऱ्या जागेवरून रेल्वे नव्हतीच असा निष्कर्ष काढणं चूक. मग पुढच्या दशकांतले ताव शेजारी ठेवावेत. उखडलेल्या रूळमार्गांचे भराव त्यांवर बऱ्याचदा तुटक रेषेने दाखवलेले असतात. तशी नोंद नसली, तरी समोच्च रेषा चुगली करतात. खेचरांची वाट चढाला सरळ भिडते, रूळमार्ग मात्र डोंगराच्या कडेने लांबचा वळसा घेत, जेमतेम उंची चढत जातो. लास वेगास-टोनोपा मार्ग १९१८मध्ये बंद झाला आणि त्याच्या बऱ्याचशा भरावावरून पुढे हमरस्ता झाला, तोच आजचा यूएस ९५.

मोठ्या प्रमाणाच्या तावांवर खाणींच्याही खुणा असतात. अर्धा काळा चौकोन म्हणजे उभं विवर, इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे आडव्या बोगद्याचं तोंड, आणि फुली म्हणजे नुसतीच चाचपणी करून सोडलेला खड्डा. उत्साही मंडळी चौकोनांकडे धावतात. जुन्या विवरांचे लाकडी आधार कुजलेले असतात, आत हवा विषारी असू शकते. तिथे उतरण्यात शहाणपण नाही. मला फुल्या अधिक बोलक्या वाटतात. १८७२च्या खाण कायद्याने शोधकाला खनिजाच्या शिरेच्या लांबीने १,५०० फूट आणि रुंदीने ६०० फुटांपर्यंतच्या पट्ट्यावर दावा सांगता येई. दावा टिकवायचा तर दरवर्षी तिथे काही काम करून दाखवावं लागे. त्यामुळे फुल्यांची रांग दिसली, की तिथे सोनं होतं असं नव्हे. शिरेचा माग काढत कुणीतरी तिथवर खणत आलं होतं, एवढं धरून चालावं. शीर खरोखर होती का, हे पडताळायला रॅन्सम, एमन्स आणि गॅरी यांचा बुलफ्रॉगच्या भूशास्त्रावरचा अहवाल आहे. तो छापून आला १९१०मध्ये, मुख्य खाण बंद पडायच्या आदल्या वर्षी.